घरातली लायसन्सची बंदूक पुढच्या पिढीकडे कशी जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला लायसन्सवाला माणूस गेला की बँकेचं, एलआयसीचं, सातबाऱ्याचं सगळं लगेच सुरू होतं, पण कपाटातल्या बंदुकीकडे वर्षभर कोणी बघत नाही, आणि ज्या दिवशी बघतात त्या दिवशी घरातलाच एखादा साधा सरळ माणूस कायद्याने गुन्हेगार झालेला असतो. हे होऊ नये म्हणून लोक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळं भारतातल्या शस्त्र अधिनियम १९५९, शस्त्र नियम २०१६ आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे आहे, उदाहरणं महाराष्ट्रातली आणि थोडी गोव्याची.

वडील वारले. बंदूक आईच्या कपाटात आहे. लायसन्स आपोआप माझ्या नावावर होतं ना?

नाही होत. बंदूक ही वडिलांची मालमत्ता आहे, त्यामुळे तिची मालकी वारसांकडे येते, पण लायसन्स फक्त त्या एका माणसाला दिलेली परवानगी असते आणि ती त्याच्याबरोबर संपते. म्हणजे बंदूक तुमची झाली तरी ती घरात ठेवायचा अधिकार तुम्हाला मिळालेला नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढची अर्धी गडबड टळते. लोक काय समजतात, की लायसन्सवर अजून दोन वर्षांची मुदत शिल्लक आहे तर तोपर्यंत चालतंय, तसं अजिबात नाहीये. ती मुदत वडिलांसाठी होती.

आणि ही फक्त कागदाची भानगड नाही. लायसन्स नसताना बंदूक जवळ ठेवली तर शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड आहे. सत्तरीतल्या आईच्या कपाटात ती बंदूक पडून असेल तर हा धोका तिच्या डोक्यावर आहे, हे मुलांनी समजून घ्या.

मग पहिल्या काही दिवसांत नक्की काय करायचं?

जमा करायची. शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की कुठल्याही कारणाने हत्यार जवळ ठेवणं बेकायदेशीर झालं तर विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या आर्म्स डीलरकडे जमा करा. दहावं-तेरावं होईपर्यंत घरात कोणाला सुचत नाही हे मान्य आहे, पण निदान एक फोन ठाण्यात करून ठेवा की अमुक लायसन्सधारक वारले, हत्यार घरी आहे, जमा करायचं आहे, कसं आणायचं ते सांगा. स्वतः पिशवीत घालून बाईकवर घेऊन जाऊ नका, रस्त्यात नाकाबंदीत अडवलं तर सांगत बसावं लागेल. बऱ्याच ठिकाणी ठाण्यातून माणूस घरी येतो, नाहीतर ते वेळ देतात आणि तुम्ही मृत्यू दाखला, मूळ लायसन्स आणि अर्ज घेऊन जाता.

जमा पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. पावतीवर हत्याराचा प्रकार, बोअर (नळीचं आतलं माप), मेक, बॉडीवरचा नंबर, काडतुसं किती, तारीख आणि घेणाऱ्याची सही-शिक्का हवा. हत्याराचे दोन-चार फोटो आधीच काढून ठेवा, विशेषतः नंबराचा आणि लाकडी दस्त्याचा, कारण मुद्देमाल खोलीत वर्षभर पडून राहिलेली बंदूक परत घेताना गंज कधी चढला यावर वाद होतो.

ठाण्यात जमा करू की डीलरकडे?

डीलरकडे महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं द्यावं लागतं पण तो तेल-पाणी करतो. ठाण्यात तशी निगा होईलच असं नाही. जुनी चांगली डबल बॅरल असेल, कोणी परवान्यासाठी अर्ज करणारच असेल तर मी तरी डीलर सुचवतो. फक्त डीलरकडे ठेवली तरी लायसन्स देणाऱ्या ऑफिसला लेखी कळवा आणि पोच घ्या.

जमा केलं म्हणजे कायमचं सुटलो असंही नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने लायसन्स काढून हत्यार परत घ्यायचं किंवा कायदेशीर माणसाला विकायचं, नाहीतर जिल्हा दंडाधिकारी आदेश काढून ते सरकारजमा करू शकतात. मुदतीची तारीख जमा करतानाच लेखी विचारून घ्या आणि अर्ज लगेच टाका.

वडील हयात आहेत, वय ७४. आत्ताच माझ्या नावावर करता येईल का?

येईल, आणि खरं सांगायचं तर हाच सगळ्यात चांगला रस्ता आहे, लोक वापरत नाहीत याचंच वाईट वाटतं. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे दोन प्रसंगी वारसाला लायसन्स मिळू शकतं. एक म्हणजे लायसन्सधारक वारल्यावर. दुसरं म्हणजे तो जिवंत असतानाच, त्याचं वय ७० झालं असेल किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असेल, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो स्वतः आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. म्हणजे वडील ७४ चे असतील तर बंदूक घेऊन पाचच वर्षं झाली असली तरी चालतं, आणि वय ५८ असेल पण बंदूक २६ वर्षांपासून असेल तरी चालतं.

यात फायदा असा की वडील स्वतः सही करतात, स्वतः ऑफिसात सांगतात की या मुलाला किंवा मुलीला द्यायचंय, भावंडांमध्ये नंतर कोणाला काय हवं होतं यावर भांडण होत नाही, आणि हत्यार लायसन्सशिवाय एक दिवसही राहत नाही. मात्र वारसाची पात्रता आणि पोलीस रिपोर्ट हे दोन्ही इथेही लागतंच.

एक गोष्ट वडिलांना नीट समजावून सांगा. एकदा हत्यार तुमच्या लायसन्सवर चढलं की ते तुमचं. कपाटाची चावी तुमच्याकडे. वडिलांनी सवयीने रात्री शेतावर जाताना ती खांद्याला लावली तर ती विनालायसन्स झाली, घर एकच असलं तरी.

वडील ६२ चे आहेत आणि बंदूक १२ वर्षांपूर्वीच घेतली. मग?

तर नियम २५ अजून लागू होत नाही. तुमच्याकडे स्वतःचं लायसन्स असेल तर वडील कलम ५ प्रमाणे तुम्हाला हत्यार हस्तांतरित करू शकतात, त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. नसेल तर थांबा, वडिलांचं लायसन्स वेळेवर रिन्यू करत राहा (आता ते पाच वर्षांचं असतं, पूर्वी तीन होतं), आणि खाली कागदांबद्दल लिहिलंय ती तयारी करून ठेवा.

मुलीला किंवा आईला मिळतं का? ऑफिसात सांगतात की मुलाच्याच नावावर करा.

मिळतं. कायद्यात मुलगा-मुलगी असा काहीही फरक नाहीये. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत आणि शस्त्र नियमसुद्धा वारस एवढंच म्हणतात. शेती मुलगी बघते, गावात ती राहते, आणि बंदूक मात्र मुंबईतल्या भावाच्या नावावर, जो वर्षातून गणपतीला येतो, असली वाटणी मला पटत नाही कारण मग हत्यार प्रत्यक्षात बहिणीच्या ताब्यात राहतं आणि अडकते ती. आणि तिच्या नावावर जमीन-घर नाही हे कारण कोणी पुढे केलं तर कलम १४ मध्ये स्पष्ट आहे की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर लायसन्स नाकारता येत नाही.

पुतण्याला द्यायची काकांची इच्छा आहे, त्यांना मूलबाळ आहे. होईल का?

नियम २५ चा रस्ता कायदेशीर वारसांसाठी आहे. मुलं असताना पुतण्या त्यात बसवायला गेलात तर अर्ज अडकेल. पुतण्याने स्वतःचं नवीन लायसन्स काढावं आणि काकांनी वर सांगितलेल्या ४५ दिवसांच्या पद्धतीने हत्यार द्यावं, ते सरळ पडतं.

कागद कोणकोणते लागतात?

मृत्यू दाखला (हयातीत करत असाल तर लायसन्सधारकाचं संमतीपत्र), मूळ लायसन्स, जमा पावती, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, हत्याराचा पूर्ण तपशील असलेला हमीपत्राचा बाँड, तुमचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये असतो आणि आता शस्त्र लायसन्सच्या सरकारी एनडाल-अलिस पोर्टलवर ऑनलाइन भरला जातो, मग कागद ऑफिसात. जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसची शाखा, आणि मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक अशा आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांचं ऑफिस.

वारसाच्या पुराव्यात लोक फार गोंधळतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोर्टातून मिळणारं उत्तराधिकार प्रमाणपत्र म्हणजे ज्याला सगळे सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात ते येणी आणि शेअर-बाँड वगैरेंसाठी असतं, बंदुकीसाठी त्याचा उपयोग नाही, उगाच कोर्ट फी भरून ते काढून आणणारे लोक आहेत. आपल्याकडे वारस दाखला मिळतो तो दिवाणी कोर्टातून, १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली, आणि भांडणाची शक्यता असेल तर तोच काढा. तलाठ्याकडचा वारस फेरफार हा जमिनीच्या रेकॉर्डसाठी असतो, जोडायला हरकत नाही पण त्याच्यावर विसंबून राहू नका. तुमच्या जिल्ह्यातलं ऑफिस काय मागतं ते अर्जाआधी लेखी यादी मागून घ्या, तोंडी सांगितलेली यादी दर खेपेला बदलते.

वडिलांच्या लायसन्सवर यूआयएन नंबर, म्हणजे राष्ट्रीय डेटाबेसमधला ओळख क्रमांक, आहे का हेही आजच बघा. तिथे नोंद नसलेली लायसन्सची जुनी पुस्तकं अजून काही घरांत निघतात, आणि ती दुरुस्ती वडील हयात असताना करणं कितीतरी सोपं.

बहीण ना-हरकत द्यायला तयार नाही.

मग आधी तिच्याशी बोला. बहुतेक वेळा तिचं म्हणणं बंदुकीबद्दल नसतंच, घर आणि जमिनीबद्दल असतं, आणि ही सही म्हणजे सगळ्यावरचा हक्क सोडला असं तिला वाटतं. म्हणून ना-हरकतीत स्वच्छ लिहा की ही संमती फक्त अमुक नंबरच्या हत्याराच्या लायसन्सपुरती आहे, बाकी कुठल्याही मिळकतीवरच्या हक्काला याने बाधा येत नाही. एवढी एक ओळ घातल्यावर सह्या झालेल्या मी पाहिल्यात. तरीही नाहीच जमलं तर हत्यार जमाच ठेवा आणि वाटणीचा निकाल लागू द्या, किंवा विकून पैसे वाटून घ्या. कोऱ्या स्टॅम्पवर सह्या घेणं वगैरे प्रकार करू नका.

आजोबांकडे तीन हत्यारं होती, माझ्याकडे माझं एक आहे. सगळी माझ्याकडे घेऊ शकतो का?

नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं, आणि वारशाने आलं म्हणून ही मर्यादा ओलांडता येत नाही असं कायद्यातच घातलंय. तुमच्याकडे एक आहे म्हणजे तुम्ही अजून एकच घेऊ शकता. बाकीची भावाच्या किंवा बहिणीच्या नावावर करा, नाहीतर विका. आणि आजोबांकडे तीन होती म्हणताय तर आधी हे तपासा की तिसरं त्यांनी जमा केलं होतं का, कारण जास्तीचं हत्यार जमा करायला दुरुस्ती लागू झाल्यापासून, म्हणजे १४ डिसेंबर २०१९ पासून एक वर्षच दिलं होतं.

मुलगा १९ वर्षांचा आहे.

वयाची अट २१ आहे. तोपर्यंत आईने किंवा मोठ्या बहिणीने लायसन्स घ्यावं आणि पुढे वेळ येईल तेव्हा बघावं. दोन वर्षं ठाण्यात पडू दे म्हणणं धोक्याचं, मुदतीचा मुद्दा वर आलाच आहे. वयाशिवाय हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही, त्यामुळे कोणत्या वारसाचं नाव पुढे करायचं हे ठरवताना या गोष्टी घरात मोकळेपणाने बोलून घ्या.

कोकणात शेती संरक्षणाची बंदूक आहे, तिचंही असंच का?

तिच्यात एक जास्तीची गोष्ट येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, गोव्यातही, रानडुक्कर आणि माकडांपासून भात, नारळ, काजू वाचवायला म्हणून दिलेली लायसन्सं पुष्कळ आहेत आणि ती दिलीच आहेत शेती आहे म्हणून. वारसाने अर्ज केला की तिथे शेती कोण करतं, सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हे बघितलं जातं. म्हणून आधी वारस फेरफार करून घ्या आणि जो खरंच गावात राहून शेती करतो त्याच्याच नावाने अर्ज टाका. चाकरमान्याने अर्ज करून बंदूक गावच्या गड्याकडे ठेवायची हा बेत कृपा करून करू नका, काही झालं तर तो बिचारा गडी आत जातो. आणि वारशाने लायसन्स मिळालं म्हणजे शिकारीची परवानगी मिळाली असं अजिबात नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ वेगळा आहे आणि तो कडक आहे.

इलेक्शनच्या वेळी बाबांनी बंदूक ठाण्यात जमा केली होती, आणि मधेच ते वारले.

हे वाटतं त्यापेक्षा जास्त होतं. पहिल्यांदा ती जमा पावती शोधा. मग ठाण्याला आणि लायसन्स शाखेला दोन्हीकडे मृत्यू दाखला जोडून लेखी कळवा की धारक वारले, आम्ही वारस आहोत, हत्यार आमच्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत जमाच ठेवावं. कलम २१ मध्ये जमा करणारा वारला तर त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला हत्यार परत मिळवायचा किंवा विकून पैसे घ्यायचा हक्क दिलेला आहे. इलेक्शन संपल्यावर ओळखीवर कोणीतरी आणून घरी ठेवू नका.

वाड्याच्या माळ्यावर एक जुनी बंदूक सापडली, लायसन्स कोणाचं होतं ते कोणालाच माहीत नाही.

हात लावू नका, घोडा ओढून बघू नका, ठासणीची असेल तर आत दारू ठासलेली असू शकते. फोटो काढा, खोलीला कुलूप लावा आणि शक्यतो वकिलाला घेऊन लेखी अर्ज करून ठाण्यात कळवा. सापडल्या सापडल्या स्वतःहून कळवलं ही गोष्ट नंतर तुमच्या बाजूने उभी राहते, आणि पाच वर्षं माहीत असून गप्प बसलो ही विरुद्ध.

फार जुनं, दुर्मिळ हत्यार असेल तर २०२० च्या नियम दुरुस्तीत सवलत आहे, क्युरिओ म्हणून गणली जाणारी छोटी शस्त्रं भारतीय नागरिकाला लायसन्सशिवाय जवळ ठेवता येतात, पण वापरायला, बाळगून फिरायला किंवा वाहून न्यायला लायसन्स लागतंच. मात्र आपली बंदूक त्यात बसते हे आपणच ठरवायचं नसतं, तज्ज्ञाकडून तपासून ऑफिसकडून लेखी घ्या.

मृत्युपत्रात बंदुकीबद्दल काय लिहायचं?

बहुतेक मृत्युपत्रांत एक शब्दही नसतो, किंवा नुसतं "बंदूक थोरल्यास द्यावी" असं असतं आणि थोरल्याला लायसन्स नाकारलं तर पुढे काय ते नसतं. तीन पायऱ्यांत लिहा: अमक्याला द्यावी, त्याला लायसन्स मिळालं नाही किंवा त्याने घेतलं नाही तर तमकीला, आणि दोघांनाही नाही जमलं तर लायसन्स असलेल्या डीलरमार्फत विकून पैसे असे असे वाटावेत. हत्याराचा नंबर, बोअर, लायसन्स नंबर घाला. दोन साक्षीदार लागतातच, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्या. आणि एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा) नेमला असेल तर त्यालाही सांगा की मृत्युपत्रात नाव आहे म्हणून तो बंदूक घरी नेऊन ठेवू शकत नाही, त्यालाही जमाच करावी लागेल.

बंदूक साताऱ्याला, मी पुण्यात.

तुम्ही जिथे राहता तिथे अर्ज करा, म्हणजे पुणे पोलीस आयुक्तालय. ते साताऱ्याच्या ऑफिसकडून जुन्या लायसन्सची खातरजमा मागवतात, आणि या दोन ऑफिसमधल्या पत्रव्यवहारातच सगळ्यात जास्त वेळ जातो, तेव्हा जावक नंबर घेऊन दोन्हीकडे पाठपुरावा करा. हत्यार मात्र लायसन्स हातात आल्यावरच साताऱ्याहून आणायचं.

मी अमेरिकेत असतो, आठवण म्हणून घेऊन जाऊ शकतो का?

सामानात टाकून तर मुळीच नाही. निर्यातीची परवानगी इकडे, आयातीची तिकडे, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातन म्हणून गणली गेली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर नेताच येत नाही. भारतात राहणाऱ्या भावंडाच्या नावावर होऊ द्या. तुम्ही तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं ना-हरकत वेळेवर पाठवा, परदेशातल्या एका सहीसाठी इथे अख्खी फाईल थांबते.

आजोबा सैन्यात होते, हत्यार प्रोहिबिटेड बोअरचं, म्हणजे सामान्य लायसन्सवर न मिळणाऱ्या प्रकारचं आहे.

मग कलेक्टरच्या हातात विषय नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा. ताबडतोब जमा करा आणि वकील गाठा.

कोणालाच नकोय. विकता येते?

हो, आणि यात कमीपणा काहीच नाही. डीलरला किंवा लायसन्स असलेल्या माणसाला, ऑफिसच्या परवानगीने, आणि पैसे वारसांमध्ये हिश्श्याप्रमाणे. गोव्यात वारसा कायदा वेगळा आहे, तिथे पती-पत्नीची मिळकत सामाईक धरली जाते म्हणून आधी पत्नीचा अर्धा हिस्सा बाजूला काढूनच बाकीचा विचार होतो, ते लक्षात ठेवा.

काडतुसांचं काय?

तीही लायसन्सवरच असतात, त्यामुळे तीही जमा. वीस-तीस वर्षं जुनी, हिरवट चढलेली काडतुसं कचऱ्यात, विहिरीत, चुलीत कुठेच टाकू नका, आणि दसऱ्याला शस्त्रपूजेनंतर एक बार काढून संपवूया हे तर नकोच. आनंदाच्या भरात असा बार काढून दुसऱ्याच्या जीवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे २०१९ पासून कायद्यात आहे.

अर्ज नामंजूर झाला.

लेखी कारण मागा, तसा तुमचा हक्क आहे. मग कलम १८ खाली अपील करता येतं, मुदत ३० दिवसांची, म्हणून आदेश मिळालेली तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. कलेक्टरच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे. शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, त्यामुळे अपिलात "आमच्या घराण्याची बंदूक आहे" यापेक्षा पोलीस रिपोर्टमध्ये काय चुकलंय हे कागदाने दाखवा. अपील चालू असताना हत्यार जमाच राहतं आणि ते जमा आहे, विकू किंवा सरकारजमा करू नये, असा अर्ज अपिलासोबतच द्या.